‘ऑर्किड मिक्स’च्या नावाखाली ओला भुसा

पिशवीवर जांभळ्या फॅलेनोप्सिस ऑर्किडचा मोठा फोटो. खाली छापलेलं: ‘प्रीमियम ऑर्किड मिक्स, १ किलो’, म्हणजे ऑर्किडच्या कुंडीत मातीऐवजी भरायचं मिश्रण. घटक म्हणून पाइनची साल, कोळसा, नारळाचे चिप्स, पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे). ऑनलाइन मागवलेली अशी एक पिशवी परातीत ओतली तर वरच्या थरात सालीचे पाच-सहा तुकडे होते. त्याखाली सगळं ओलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. मूठ दाबली की बोटांतून पाणी निथळत होतं. उन्हात सुकवल्यावर वजन निम्म्याच्याही खाली आलं. मग ते ६ मिलिमीटरच्या जाळीतून चाळलं, तर जाळीवर जेमतेम दोन मुठी माल उरला. ‘कोळसा’ पाण्यात टाकल्यावर तासाभरात काळा चिखल झाला, म्हणजे तो शेगडीत वापरतात त्या ब्रिकेटचा, म्हणजे कोळशाची भुकटी दाबून केलेल्या वडीचा, चुरा होता.

म्हणजे पाणी किलोच्या भावाने विकलं गेलं. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं, म्हणून हा माल वजनावर विकणाऱ्याचं फावतं. चांगली कोरडी साल हलकी असते, एक किलोत साधारण चार लिटर भरते. त्यामुळे ऑर्किडचं मिक्स घेताना लिटरचा भाव विचारावा. जो फक्त किलो सांगतो आणि दाण्याचा आकार सांगत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

पैसे दोन-तीनशेच जातात. खरं नुकसान नंतर होतं. माल परत करायची मुदत आठवड्याची आणि मुळं कुजून पानं लोंबायला दोन-तीन महिने. तोवर तक्रार केली की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘तुम्ही पाणी जास्त घातलंत.’ माणूस स्वतःलाच दोष देतो, आपल्या हाताला ऑर्किड लागत नाही म्हणतो, आणि त्याच दुकानातून पुन्हा पिशवी मागवतो. ही गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त खुपते. अशा भुश्यात आठवड्यातून एकदाच पाणी घातलं तरी कुंडीचा मधला गाभा पुढच्या पाण्यापर्यंत सुकत नाही.

का ते समजायला कोकणात आंब्याच्या किंवा फणसाच्या खोडावर लोंबणारं सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड पाहावं. त्याची मुळं सालीला चिकटून उघड्या हवेत असतात. पावसाची सर आली की चिंब होतात, वारा सुटला की काही तासांत सुकतात. ऑर्किडच्या मुळाभोवती मृत पेशींचं पांढुरकं, स्पंजासारखं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. ते क्षणात पाणी शोषतं, पण सतत ओलं राहिलं तर आतल्या जिवंत मुळाला प्राणवायू मिळत नाही. मूळ गुदमरतं आणि मग बुरशी लागते. फॅलेनोप्सिस, डेंड्रोबियम, व्हँडा, कॅटलिया ही आपल्याकडे विकली जाणारी बहुतेक ऑर्किडं याच घडणीची आहेत. त्यांच्या मिक्समध्ये पोषणापेक्षा दाण्यांमधल्या पोकळीला महत्त्व, आणि भुसा नेमकी तीच पोकळी भरून टाकतो.

दुसरी लबाडी मिठाची. नारळाची सोडणं बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात मुरवलेली असतात, आणि न धुता कापून ‘चिप्स’ म्हणून भरली जातात. मुळांची टोकं काळी पडतात, पानांची अग्रं जळतात. मूठभर चिप्स एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बुडवा. नळाच्या पाण्याचा आकडा १५० असताना या पाण्याचा हजारावर गेला, तर मीठ आहेच. रोज पाणी बदलत तीन-चार दिवस भिजवा, आकडा नळाच्या पाण्याजवळ आला की वापरा.

सालीच्या जागी रंगवलेला लाकूडचुरा देतात, तोही सहज ओळखता येतो. तुकडा मोडून पाहा. साल पापुद्र्यांची असते आणि आतूनही तांबूस निघते. पेटीच्या लाकडाचा तुकडा आतून पांढरट, उभ्या धाग्यांचा दिसतो आणि गरम पाण्यात रंग सोडतो. लाकूड लवकर कुजतं, कुजताना खतातला नत्र खातं आणि काही महिन्यांत त्याचा लगदा होतो. चांगली साल दीड-दोन वर्षं टिकते. कोळसा लोणारी हवा, आपटला की खणखणीत वाजणारा, पाण्यात न विरघळणारा. दगडी कोळसा नको.

आता मुद्द्याचं. ‘सर्व ऑर्किडसाठी, सर्व हवामानात’ असं छापलेली पिशवी घेऊच नका, कारण असं मिक्स नसतं. पुणे-नाशिकच्या हवेत घरातल्या फॅलेनोप्सिसला १० ते १५ मिलिमीटरची साल तीन भाग, लोणारी कोळसा एक भाग आणि धुतलेले सोडणाचे तुकडे एक भाग चांगले मानवतात. मुंबई-कोकण-गोव्यात डेंड्रोबियमला कोळसा दोन भाग आणि भाजक्या विटांचे सुपारीएवढे तुकडे एक भाग पुरे. जून ते सप्टेंबर तिथे सोडणही पाणी धरून बसतं, म्हणून ते टाळावं. विदर्भातल्या उन्हाळ्यात पहिल्याच मिश्रणात मूठभर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) मिसळावं आणि पावसाळ्याआधी काढून टाकावं. व्हँडाला मिक्स लागतच नाही. तिला लाकडी जाळीत टांगायचं आणि मुळं रोज भिजवायची.

मिक्स बरोबर असून जागा चुकली तरी झाड खंगतं. फॅलेनोप्सिसला पूर्वेची खिडकी किंवा ७५ टक्के शेडनेट, डेंड्रोबियमला ५० टक्के. पान गडद हिरवं आणि लुळं असेल तर उजेड कमी पडतोय, पिवळट-लालसर असेल तर ऊन जास्त. हवा खेळती हवी. पाणी सकाळी द्यायचं, आणि फॅलेनोप्सिसच्या पानांच्या बेचक्यात साचलं तर टिपून घ्यायचं. नाहीतर शेंडा कुजतो.

ऑर्किडचं ‘बी’ विकणाऱ्यांबद्दल एवढंच: खरं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अन्नसाठा नसतो, ते बुरशीच्या साथीने किंवा प्रयोगशाळेतल्या बाटलीतच रुजतं. डोळ्यांना दाणे दिसणारी पुडी ऑर्किडची नव्हे. गडद निळं फॅलेनोप्सिस बहुतेक वेळा दांड्यात रंग टोचलेलं असतं, त्याचा पुढचा बहर पांढरा येतो.

पिशवी उघडताना न थांबवता व्हिडिओ काढा: आधी लेबल, मग वजनकाटा, मग परातीतला माल. पॅकबंद मालावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ माप, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं बंधनकारक आहे. यातलं काही नसेल तर त्याचाही फोटो घ्या. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

झाड आधीच अशा भुश्यात लावलं असेल तर फूल संपायची वाट पाहू नका. कुंडी दहा मिनिटं पाण्यात ठेवून झाड अलगद सोडवा. मुळांच्या मध्यभागी मॉसचा घट्ट गोळा किंवा छोटी जाळीची टोपली असेल तर तीही काढा, नर्सरीतून आलेल्या फॅलेनोप्सिसला ती बऱ्याचदा असते. प्रत्येक मूळ चिमटीत दाबा: टणक लागलं तर ठेवा, पोकळ लागलं आणि वरचं आवरण ओढल्यावर नुसता दोरा उरला तर ज्योतीवर तापवून गार केलेल्या ब्लेडने कापा. दालचिनीची पूड फक्त कापल्या जागी लावा, सगळ्या मुळांना लावली तर ती सुकतात. एक दिवस सावलीत ठेवून मुळं जेमतेम मावतील एवढ्याच, बाजूलाही भोकं असलेल्या कुंडीत लावा. पहिलं पाणी तीन दिवसांनी. नव्या मुळाचं हिरवं टोक दिसेपर्यंत खत देऊ नका, आणि दिसल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा.