वैयक्तिक साइट: स्टॅटिक की वर्डप्रेस?

पाच-सहा पानं आणि वर्षाकाठी दोन-चार बदल एवढंच असेल, तर स्टॅटिक साइट घ्या आणि मोकळे व्हा. दर आठवड्याला लिहायचंय, तेही कधीकधी मोबाइलवरून, तर सरळ वर्डप्रेस, म्हणजे ब्राउझरमधूनच लिहून साइट चालवायचं सॉफ्टवेअर. मधल्या लोकांनी कोणती साइट कुठे अडते ते बघून ठरवावं.

स्टॅटिकमध्ये सर्व्हरवर तयार एचटीएमएल फायली असतात, बस्स. डेटाबेस नाही, प्लगइन (जादा सोयींसाठी जोडायची छोटी सॉफ्टवेअर) नाहीत, म्हणून नंतर देखभालही जवळपास नाही. गिटहब पेजेस या होस्टिंग सेवेवर ती फुकट चालते. साइट १ जीबीच्या आत ठेवावी लागते. त्रास होतो तो चढवण्याच्या दिवशी. आपल्या मशिनवर दिसणारा फोटो लाइव्ह साइटवर गायब! विंडोज फाइलच्या नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं एकच मानतं, लिनक्स सर्व्हर मानत नाही. कॅमेरा 'जेपीजी' कॅपिटलमध्ये लिहितो, कोडमध्ये आपण स्मॉलमध्ये. सगळी नावं आधीच स्मॉल करून टाका. शिवाय साइट डोमेनच्या आतल्या फोल्डरमध्ये असेल, तर स्लॅशने सुरू होणारे पाथ फोल्डर सोडून थेट डोमेनच्या मुळाशी जातात; सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी फाइल) सापडत नाही आणि पान उघडंबोडकं दिसतं.

वर्डप्रेस उभं करणं सोपं, सांभाळणं जिकिरीचं. कोअर (मूळ सॉफ्टवेअर), थीम, प्लगइनचे अपडेट आणि बॅकअप कायमचे मागे लागतात. चाचणीच्या पत्त्यावरून खऱ्या डोमेनवर हलवताना जुना पत्ता डेटाबेसमध्ये जागोजागी उरतो. डेटाबेसची एसक्यूएल फाइल उघडून फाइंड-रिप्लेस मारू नका: बऱ्याच सेटिंग सिरियलाइझ केलेल्या, म्हणजे एका सलग मजकुरात बांधलेल्या असतात, त्यात मजकुराची लांबीही नोंदलेली असते, ती जुळली नाही की सेटिंग वाचलीच जात नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाची सर्च-रिप्लेस कमांड लांबी सांभाळून घेते. होमपेज उघडतं पण बाकी सगळीकडे ४०४ (पान सापडत नाही)? पर्मालिंक, म्हणजे पानांच्या पत्त्यांची सेटिंग पुन्हा सेव्ह करा. सर्च इंजिनांना मज्जाव करणारी, 'रीडिंग'मधली खूण काढायला हमखास विसरतात. आणि लेखाचा पत्ता रोमनमध्येच द्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी मात्रासुद्धा, पत्त्यात ९ कॅरेक्टर खातं. २०० कॅरेक्टरची मर्यादा २२ चिन्हांत संपते आणि पुढचं शीर्षक कापलं जातं.

संपर्क फॉर्म दोन्हीकडे डोकेदुखी. स्टॅटिकला बाहेरची फॉर्म सेवा जोडावी लागते. वर्डप्रेस मेल पाठवतं, पण एसएमटीपी (खऱ्या मेल खात्यामार्फत पाठवायची सोय) न जोडल्यास तो बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतो. स्वतः फॉर्म भरून मेल दुसऱ्या कंपनीच्या मेलबॉक्समध्ये पोचतो का बघा.

डोमेन आधीपासून चालू असेल, तर डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं ती नोंद) बदलण्याच्या आदल्या दिवशी टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरत्र साठून राहण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणा. बदलल्यावर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, प्रायव्हेट विंडोत तपासा. रोजच्या ब्राउझरमध्ये कॅशमधलं जुनं पानच दिसू शकतं. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट असूनही ब्राउझर कुरकुरला, तर असुरक्षित एचटीटीपीने मागवलेला एखादा फोटो किंवा स्क्रिप्ट शोधा. लाइटहाउस या क्रोममधल्या तपासणी साधनात पानाचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांत दिसायला हवा. स्टॅटिकमध्ये उशीर झाला तर बहुधा न आक्रसलेले फोटो दोषी. वर्डप्रेसमध्ये त्यांच्या जोडीला प्लगइनही एकेक बंद करून बघावे लागतात.