दोन बेस, एकच लेव्हल: बॉस एलएस-२ वापरून पाहिल्यावर

बॉसचं एलएस-२ हे लाइन सिलेक्टर पेडल (सिग्नल कुठल्या वाटेने जायचा ते पायाने दाबून निवडायचं) १९९१पासून बाजारात आहे. बहुतेक जण ते इफेक्टचे दोन लूप, म्हणजे पेडलमधून बाहेर जाऊन परत येणाऱ्या दोन वाटा, आलटूनपालटून वापरायला घेतात. मी घेतलं ते बेस गिटार बदलताना आवाजाची जी उडी बसते, ती घालवायला. आणि त्या एका कामासाठी मी ते मनापासून सुचवेन.

माझा एक बेस पी-बेस (फेंडर प्रिसिजन), पॅसिव्ह म्हणजे बॅटरीशिवायचा, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारांचा. दुसरा म्यूझिक मॅनचा स्टिंगरे, ॲक्टिव्ह म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट असलेला, खरखरीत राउंडवाउंड तारांचा. पी-बेसवरून स्टिंगरेवर गेलं की ड्रमर दचकून बघायचा, आणि साउंड सांभाळणारा फेडरकडे धावायचा. स्टिंगरेचा व्हॉल्यूम हाताने कमी करता येतोच; ॲक्टिव्ह असल्यामुळे त्याचा टोनही बिघडत नाही. पण वाजवताना तो नॉब मनगटाला लागून सरकतो, मग पुन्हा अंदाज बांधत बसा. पी-बेसला तर हा उपाय चालतच नाही, व्हॉल्यूम थोडा उतरवला की वरचा चटका जातो. ॲम्पचं पॅड बटण ठरावीक डेसिबल कापतं, आपल्याला नेमके तेवढेच कापायचे असतात असं थोडंच आहे!

माझी जोडणी अशी: बेसची केबल ट्यूनरमधून एलएस-२च्या इनपुटला, दोन्ही लूपच्या सेंड-रिटर्नमध्ये (सिग्नल बाहेर जाण्याच्या आणि परत येण्याच्या जॅकमध्ये) एकेक छोटी पॅच केबल, आणि मोड ‘ए’वरून ‘बी’वर जाणारा. ‘ए’चा नॉब पी-बेसचा, ‘बी’चा स्टिंगरेचा. बेस बदलताना ट्यूनर दाबून म्यूट करायचं, केबल काढून घालायची, एलएस-२ एकदा दाबायचं.

हे सगळं कॉम्प्रेसरच्या (मोठे आवाज दाबून लेव्हल सपाट करणाऱ्या पेडलच्या) आधी हवं, यावर मी अडून बसेन. लेव्हल साखळीच्या शेवटी सारखी केली तर स्टिंगरे कॉम्प्रेसरला सतत आवळायला लावतो, आणि पी-बेसला तो जेमतेम शिवतो. ड्राइव्हचंही (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलचंही) तेच: एका बेसवर फाटतो, दुसऱ्यावर नुसता गुरगुरतो. आवाज सारखा झाला तरी बोटांना दोन वेगळी वाद्यं लागतात.

आता लेव्हल लावायची कशी. घरी हळू आवाजात लावलेली लेव्हल बँडमध्ये टिकत नाही, कारण कमी आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. मीटरही फसवतो. स्टिंगरेवर स्लॅप केलं (अंगठ्याने तार आपटली) की काटा वर उडतो, पण दोन बोटांनी वाजवलेली साधी ओळ तेवढी मोठी नसते. त्यात फ्लॅटवाउंडला वरचा भाग कमी, म्हणून काटा सारखा दिसला तरी कानाला पी-बेसच मागे वाटतो. मी रिहर्सलमध्ये ड्रमरला साधा ताल धरायला सांगितला. ‘ए’ साधारण मध्यावर ठेवून पी-बेसवर ए तारेवरची एक ओळ वाजवली, ॲम्प त्यावर लावला, आणि ‘ए’ला परत हात लावला नाही. मग स्टिंगरेचा व्हॉल्यूम पूर्ण उघडला, त्याच्या अंगचा ट्रेबल आधी उतरवला, आणि तीच ओळ वाजवत ‘बी’ मागे आणत गेलो. किक ड्रमबरोबरचा ठोका पी-बेसवर बसत होता तसा बसला, तिथे थांबलो. उतरवायचा तो जास्त आवाजाचा बेस. कमी आवाजाच्या बेसला वर ढकललं की त्याच्याबरोबर खरखरही वर येते, आणि ९ व्होल्टच्या पेडलमध्ये आवाज न फाटता वर जायला जागाही मर्यादितच असते.

पेडलच्या मर्यादा सांगायला हव्यात. यात ईक्यू (खर्ज-ट्रेबल वेगवेगळे कमीजास्त करायची सोय) नाही, म्हणजे लेव्हल जुळते, स्वभाव जुळत नाही. दोन बेसचे टोन जवळ आणायचे असतील तर प्रत्येक चॅनेलला वेगळा ईक्यू असलेला दोन चॅनेलचा प्रीॲम्प बघा. मला स्वभाव वेगळेच हवे आहेत, म्हणून मला हे पुरतं. तीन बेस घेऊन जाणाऱ्यांना मात्र दोन नॉब कमी पडतील.

ॲक्टिव्ह बेसमध्ये नवी बॅटरी घालूनच लेव्हल लावा. तारा किंवा पिकअपची उंची बदलली की पुन्हा लावा; पिकअप तारांच्या थोडा जवळ आला तरी आउटपुट वाढतो. लावून झालं की नॉबच्या कडेला पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवा, पेडल बॅगेत ठेवता-काढताना नॉब हमखास फिरतात.