आधी मनगट, मग पट्टा: नौपाड्यातील एका दुकानाविषयी

ठाण्यात घड्याळाचा पट्टा बदलायचा म्हटले की बहुतेक जण स्थानकाबाहेरच्या एखाद्या टपरीवर जातात, टांगलेल्या पट्ट्यांपैकी एकाकडे बोट दाखवतात आणि पाच मिनिटांत मोकळे होतात. त्याने काम भागते, यात शंका नाही. परंतु घड्याळ दिवसभर चारचौघांच्या नजरेसमोर असते आणि दुरून पाहणाऱ्याला तबकडीच्या आधी पट्टाच दिसतो. ही गोष्ट ज्यांना महत्त्वाची वाटते, त्यांनी गोखले रस्ता आणि राम मारुती रस्ता यांच्यामधल्या गल्लीतील एका छोट्या दुकानाची पायरी एकदा तरी चढावी. पाटीवर फक्त घड्याळ दुरुस्तीचा उल्लेख आहे, पट्ट्यांचा नाही. मालकांना प्रसिद्धीची हौस नसल्यामुळे दुकानाचे नाव येथे देत नाही. गल्लीत ‘घड्याळजी’ म्हणून विचारले तरी दुकान सापडते.

या दुकानात गिऱ्हाइकाने पट्टे दाखवा म्हटले, तरी पट्टे लगेच समोर येत नाहीत. “घड्याळ राहू द्या, आधी हात पुढे करा,” असे म्हणून मालक मनगटाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजतात, मनगटाची बाजू चपटी आहे की गोल ते पाहतात आणि मग विचारपूस सुरू होते. घाम फार येतो का, लोकलने जाता की गाडीने, शर्टाच्या बाह्या पूर्ण असतात की अर्ध्या, पायात बूट असतात की चपला, घड्याळ रात्री काढून ठेवता की नाही, असे ते प्रश्न असतात. क्षणभर आपण ज्योतिषाकडे तर आलो नाही ना, असे वाटते. मात्र प्रत्येक उत्तरागणिक काही डबे फळीवरच राहतात आणि शेवटी काउंटरवर चार-पाच पट्टे येतात, त्यांतला एकही अगदीच विजोड नसतो.

मी दोन घड्याळे घेऊन गेलो होतो. एक रोजच्या वापरातले पोलादी क्वार्ट्झ आणि दुसरे काकांकडून आलेले किल्लीचे एचएमटी जनता. बंगळुरूच्या एचएमटीने १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि २०१६मध्ये केंद्र सरकारने हा घड्याळ उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे घराघरांतून उरलेली ‘जनता’ आता दुरुस्त करूनच वापरावी लागते. तिची डबी, म्हणजे तबकडी आणि यंत्र सामावणारे कवच, सुमारे ३५ मिमी व्यासाची आणि पातळ असते, तर पट्टा १८ मिमीचा लागतो. हे आकडे देण्याचे कारण असे की पट्ट्याची शोभा आधी मापावर अवलंबून असते, रंगाची पाळी त्यानंतर येते. डबीला वर आणि खाली जी दोन-दोन शिंगे असतात, त्यांच्यामधले अंतर म्हणजे पट्ट्याची रुंदी. ते अंतर अंदाजाने न सांगता मालक व्हर्निअरने मोजतात. २० मिमीच्या जागी १८ मिमीचा पट्टा बसवला तर पट्टा शिंगांमध्ये अडकवणारी पिन दोन्ही बाजूंनी उघडी दिसते, आणि २२चा दाबून बसवला तर कडा चुरगळतात. टपरीवर हे दोन्ही प्रकार सर्रास चालतात.

रुंदीइतकेच महत्त्व जाडीला आहे, पण तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आत गादी भरलेला चार-पाच मिमी जाडीचा पट्टा मोठ्या, जड घड्याळावर शोभतो. मला असाच एक मगरीच्या कातडीसारखी खवल्यांची छाप असलेला पट्टा ‘जनता’साठी आवडला होता. मालकांनी विरोध केला नाही. त्यांनी घड्याळाच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला दोन मिमी जाडीचा साधा गडद तपकिरी पट्टा चढवला आणि मला भिंतीवरच्या उभ्या आरशासमोर हात खाली सोडून उभे राहायला सांगितले. जाड पट्ट्याच्या बाजूने घड्याळ जवळजवळ नाहीसे झाले होते, दुसऱ्या बाजूने ते नीट दिसत होते. आपण पट्टा डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून निवडतो, लोक मात्र तो चार पावलांवरून पाहतात. म्हणून हा आरसा मला दुकानातली सर्वांत उपयोगी वस्तू वाटली. विशेष म्हणजे त्यांनी सुचवलेला पट्टा मी निवडलेल्यापेक्षा स्वस्त होता.

चामड्याविषयी मालक भरभरून बोलतात, आणि ते ऐकण्यासारखे असते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे लवकर तयार होते, मऊ असते आणि त्याचा रंग फारसा बदलत नाही. वनस्पतींच्या साली व फळे वापरून कमावलेल्या चामड्याला बराच वेळ लागतो. ते सुरुवातीला कडक असते, पण ऊन, तेल आणि हाताचा स्पर्श यांनी गडद होत जाते. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून याच पद्धतीने कमावतात, त्यामुळे नव्या कोल्हापुरीचा कडकपणा ज्याने पायांवर सोसला आहे, त्याला असा पट्टा आठवडाभर मनगटावर का रुसून बसतो हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्यांना वस्तू जुनी होताना पाहणे आवडते, त्यांनी हा घ्यावा. ज्यांना पहिल्या दिवशीचा रंग वर्षभर हवा असतो, त्यांनी क्रोमचाच घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. पट्ट्याच्या पोटावर ‘अस्सल चामडे’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का असला म्हणून भुलू नये. कातडीचा खालचा, विरळ धाग्यांचा थर घेऊन त्यावर पॉलियुरेथेनचा मुलामा दिला, तरी तो शिक्का मारता येतो. आपल्या दमट हवेत हा मुलामा ओलाव्याने कमकुवत होऊन पापुद्रे धरतो. कपाटात ठेवलेल्या बुटांचे तळवे आपोआप सुटतात, त्यामागेही बहुतेक वेळा हेच कारण असते. मालक पट्टा वाकवून, भोकांच्या कडा दाखवून हा फरक समजावून देतात आणि मुलाम्याचे पट्टेही ‘हे एका मोसमाचे’ असे स्पष्ट सांगून विकतात.

पावसाळ्यापुरते तरी चामडे बाजूला ठेवावे, असे त्यांचे मत आहे आणि ते मला पूर्णपणे पटते. जून ते सप्टेंबर ठाण्यात चामडे नीट वाळत नाही, त्याला वास लागतो आणि आतून बुरशी धरते. रोजच्या घड्याळासाठी मी राखाडी नायलॉनचा अखंड पट्टा घेतला. बाजारात याला ‘नाटो’ म्हणतात, पण त्याचा उगम ब्रिटिश संरक्षण खात्याच्या १९७३च्या एका मानकात आहे. हा पट्टा दोन्ही पिनांखालून आणि डबीच्या पाठीमागून जात असल्यामुळे एक पिन निसटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेला लटकून राहते. ठाणे-वाशी गाडीत गर्दीच्या वेळी कडी धरून उभे राहणाऱ्याला या रचनेची किंमत कळते. मात्र डबीखाली कापडाचे थर आल्याने घड्याळ मनगटावर उंच बसते, म्हणून ‘जनता’सारख्या नाजूक घड्याळावर तो अजिबात चढवू नये. रबरी पट्ट्यांमध्ये सिलिकॉन मऊ असते, पण धूळ आणि कपड्यांचे तंतू ओढून घेते. फ्लोरोरबर हे फ्लोरिनयुक्त कृत्रिम रबर महाग पडते, पण स्वच्छ राहते.

धातूच्या चेनचा साठा येथे बेताचाच आहे. ३१६एल दर्जाचे स्टेनलेस पोलाद घाम सोसते. स्वस्त चेनवरचा मुलामा झिजला की खालच्या धातूतील निकेल त्वचेला लागते आणि काहींच्या मनगटावर पुरळ उठते. चेनच्या कड्या काढून माप नेमके करून दिले जाते, आणि काढलेल्या कड्या न मागता पुडीत बांधून परत मिळतात.

रंगाच्या बाबतीत दुकानाचे धोरण मला जरा जुन्या वळणाचे वाटले, तरी ते चुकीचे म्हणवत नाही. काळा पट्टा काळ्या बुटांबरोबर, तपकिरी पट्टा तपकिरी बुटांबरोबर, आणि बक्कल घड्याळाच्या डबीच्या रंगाचे, एवढे सांभाळले की बाकी मोकळीक. माझ्यासमोर एक बाई लग्नासाठी साडीच्या रंगाचा पट्टा शोधायला आल्या होत्या. मालकांनी त्यांना साडी सोडून पर्स आणि चपलांकडे पाहायला सांगितले, कारण साडी त्या दिवसापुरती नेसायची असते आणि पट्टा वर्षभर वापरायचा असतो. शेवटी त्यांनी डाळिंबी रंगाचा १४ मिमीचा पट्टा घेतला, जो त्यांच्या छोट्या सोनेरी घड्याळावर खरोखर देखणा दिसत होता. बायकांच्या जुन्या घड्याळांना लागणारे १२ आणि १४ मिमीचे चांगले चामडी पट्टे इतरत्र सहसा मिळत नाहीत, येथे त्यांचा स्वतंत्र खण आहे. मला स्वतःला याहून थोडे धाडस आवडते. निळ्या तबकडीवर मातकट हिरवा किंवा वाळूच्या रंगाचा पट्टा छान दिसतो, पण तसे सुचवण्याची येथे कोणाची तयारी नसते. आपण मागितले तर मात्र काढून देतात.

उणिवाही आहेत. दुकानात पिवळा दिवा असल्याने तपकिरी रंगाच्या छटा ओळखू येत नाहीत. पट्टा घेऊन दाराबाहेर उजेडात यावे, त्याला हरकत घेत नाहीत. दुपारी एक ते साडेचार दुकान बंद असते, या बाबतीत नौपाडा पुण्याला हार जाणारा नाही. एका वेळी एकाच गिऱ्हाइकाशी बोलण्याच्या पद्धतीमुळे शनिवारी संध्याकाळी बराच वेळ ताटकळावे लागते, आणि बसायला स्टूल एकच आहे. खास जोडणीच्या स्मार्ट घड्याळांचे पट्टे जवळजवळ नाहीत. एकदा जादा भोक पाडले की पट्टा परत घेतला जात नाही, हे रास्त असले तरी आधी सांगितले पाहिजे. बारीक मनगटाच्या माणसांना नेहमीचा ७५ आणि १२० मिमी लांबीच्या तुकड्यांचा पट्टा लांब होतो आणि त्याचे शेपूट बाहेर लोंबते. त्यांच्यासाठी आखूड लांबीचे पट्टे हवेत, तेही येथे थोडेच आहेत.

नायलॉनचे पट्टे साधारण साडेतीनशे रुपयांपासून, तर चामड्याचे सातशेपासून दीड हजारापर्यंत आहेत. बसवणावळ घेत नाहीत आणि झिजलेली पिन दिसली तर विचारून बदलतात. मित्राच्या एका घड्याळाला १९ मिमीचा पट्टा लागतो, ते माप दुकानात नव्हते. वीसचा घासून बसवून देण्याची विनंती मालकांनी नाकारली, वहीत माप आणि रंग लिहून घेतला आणि आगाऊ पैसे न घेता माल आल्यावर कळवतो असे सांगितले.