बिलात पाच कामे, गाडीत एक

चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढत जाई आणि आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा वर सरके, पण गाडीचा वेग होता तेवढाच राही; थांबल्यावर करपल्यासारखा वासही येई. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचवणारा क्लच घसरतो आहे, एवढे मलाही कळत होते. गाडी ७० हजार किलोमीटर चालली होती, त्यामुळे क्लच बदलावा लागणे यात मला काही वावगे वाटले नाही. क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग आणि इंजिनाचे ऑइल बाहेर येऊ न देणारे क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील नवे घालावे लागेल, शिवाय क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते ते इंजिनाचे फ्लायव्हील (जड चाक) लेथवर घासून घ्यावे लागेल, असे गॅरेजमालकाने सांगताच मी होकार दिला. हा सल्ला चुकीचा नव्हता, हे मुद्दाम नमूद करतो. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरीच मोठी असते, त्यामुळे तो एकदा खाली आला की ही सारी कामे एकत्र उरकणे शहाणपणाचे असते. सल्ला योग्य होता आणि बिलही त्या सल्ल्याप्रमाणेच झाले. काम तेवढे झाले नाही.

गाडी तीन दिवसांनी हाती आली. बिलाची रक्कम माझ्या महिन्याच्या पगाराहून अधिक होती, पण पेडल हलके झाले होते आणि गाडी चढावर नीट उचलत होती, म्हणून मी समाधानाने पैसे दिले. जुने भाग मागितले नाहीत. बिलावर भागांच्या नावांपुढे ना कंपनी लिहिलेली होती ना भाग क्रमांक, हेही तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

दोन आठवड्यांनी पहिल्या गिअरमध्ये गाडी निघताना थरथरू लागली, मग रिव्हर्समध्येही तेच सुरू झाले. पेडल दाबले की घरघर ऐकू येई आणि सोडले की बंद होई. असा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा असतो. याच्या उलट, पेडल सोडलेले असताना आवाज येऊन दाबल्यावर थांबत असेल तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. मला हा फरक पुढे दुसऱ्या मेकॅनिकने समजावला. तो आधी ठाऊक असता तर पहिल्याच फेरीत ‘नवे बेअरिंग इतक्यात कसे वाजते?’ एवढे तरी विचारता आले असते.

गॅरेजमध्ये मी चार वेळा गेलो. पहिल्यांदा सांगण्यात आले की नवी प्लेट बसायला वेळ लागतो. यात तथ्य आहे. नव्या क्लचवर पहिले काहीशे किलोमीटर जोर टाकू नये असे जाणकारही सांगतात, पण बसत जाणाऱ्या प्लेटची तक्रार दिवसेंदिवस कमी व्हायला हवी, माझी वाढत होती. दुसऱ्यांदा क्लचचे ऑइल बदलून आणि त्या ऑइलच्या लाइनमधली (नळीतली) हवा काढून गाडी परत देण्यात आली. हवा शिरली असेल तर गिअर अडकतात, क्लच घसरत नाही, हे मला माहीत नव्हते. तिसऱ्यांदा दोष माझ्या पायावर आला: ‘साहेब, तुम्ही हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धे दाबून, गाडी चालवता.’ इतकी वर्षे चाललेला पाय अचानक दोन आठवड्यांत बिघडला, असे मानायला मी तयार नव्हतो. चौथ्यांदा मात्र स्पष्टच सांगितले गेले, की गिअरबॉक्स पुन्हा उतरवू, पण मजुरी वेगळी पडेल.

मी दुसरीकडे गेलो. तिथल्या वयस्कर मेकॅनिकने मोकळ्या रस्त्यावर गाडी चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. काटा उसळला, वेग तसाच राहिला. गिअरबॉक्स उतरवताना मी तिथे उभा राहीन, अशी अट मी घातली आणि तो हसून ‘उभेच राहा’ म्हणाला.

आत जे दिसले ते असे. क्लच प्लेट खरोखर नवी होती, पण इंजिन ऑइलने ओली झालेली. ऑइल सील कडक पडून तडकलेले होते आणि तिथूनच ऑइल प्लेटवर येत होते. म्हणजे मूळ दुखणे बहुधा हेच असावे, आणि ते बिलात बरे झाले होते. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डाग आणि बारीक भेगा जशाच्या तशा होत्या, लेथचा स्पर्शही झालेला नव्हता. प्रेशर प्लेट बाहेरून रंगवलेली होती, पण जिथे बेअरिंग टेकते तिथली तिच्या पात्यांची टोके झिजून चकचकीत झाली होती. बेअरिंग हातात फिरवले तर खरखरत होते. त्या रंगाचा मला सर्वांत जास्त राग आला, कारण विसरभोळेपणाने कोणी जुना भाग रंगवत नाही.

प्रत्येक भागाचे फोटो काढले, बिल जोडले आणि पहिल्या गॅरेजला लेखी पत्र दिले. मालकाने दोन दिवस टाळले, मग मजुरीचे पैसे परत दिले. भागांच्या पैशांबाबत मात्र तो ठाम राहिला. त्याचे म्हणणे असे, की गाडी दुसऱ्या गॅरेजने उघडली, तेव्हा आमचे नवे भाग तिथेच काढून हे जुने बसवले नसतील कशावरून? हा आरोप खोटा आहे हे मला माहीत आहे, कारण मी डोळ्यांनी पाहिले होते. पण माझ्याखेरीज साक्षीदार फक्त तो मेकॅनिक, आणि त्याच्यावरच तर संशय घेतला जात होता. गिअरबॉक्स खाली घेण्याआधी पहिल्या गॅरेजला तारीख-वेळ लेखी कळवून ‘तुमचा माणूस पाठवा’ असे सांगितले असते, तर तो आला असता किंवा न आल्याची नोंद तरी राहिली असती. ते मी केले नाही, आणि भागांचे पैसे तिथेच बुडाले.