मेल आयडी काढायचाय, पण जीमेल, आउटलुक, झोहो की अजून काय?

दापोलीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. ॲडमिशनचा सीझन लागला की रोज तीन-चार जण येतात, दादा एक मेल आयडी काढून द्या म्हणतात, आणि मी काही न विचारता जीमेल उघडतो, हात आपोआप तिकडेच जातो. परवा अंजर्ल्याचे एक मामा आले, आंब्याची थोडी कलमं आणि घराला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या, कासव महोत्सवाला गर्दी होते तेव्हा बुकिंग सांभाळताना दमछाक होते. तर मामांनी उलटा प्रश्न टाकला, "जीमेलच का रे? बाकीचे मेले काय?" मला उत्तर देता येईना, म्हणून दोन दिवस गिऱ्हाईक नसताना बसून सगळे उघडून बघितले.

जीमेलपासून सुरू करतो कारण अँड्रॉइड फोन घेतला तेव्हा बहुतेकांचं ते उघडलेलंच असतं, फक्त त्यांना माहीत नसतं. १ एप्रिल २००४ ला ते आलं तेव्हा १ जीबी जागा फुकट म्हटल्यावर लोकांना एप्रिल फूलच वाटलं होतं. आता १५ जीबी मिळते, पण खरी गोम इथेच आहे, ती १५ जीबी एकट्या मेलची नाही, ड्राइव्ह, फोटो आणि मेल तिघांत मिळून आहे. जून २०२१ पासून नवे फोटो त्यात मोजले जातात आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा. मामांचा फोन घेऊन बघितलं तर १४ जीबीच्या वर भरलेला, आणि मेल किती तर अर्धा जीबीपण नाही. बाकी सगळं शिमग्याची पालखी नाचवतानाचे व्हिडिओ, तेच व्हिडिओ चार ग्रुपवरून चार वेळा आलेले. जागा फुल झाली की नुसते फोटो चढायचे थांबत नाहीत, येणारा मेलपण परत जातो, म्हणजे पुण्याच्या पाहुण्याने बुकिंगचा मेल टाकला तर त्याला मेल पोचला नाही असं उत्तर जाणार आणि तो सरळ दुसरी खोली बघणार. मामांना हे कळल्यावर पालखीवरच राग निघाला, म्हटलं पालखीचा काय दोष, बॅकअपमधून व्हिडिओ बंद करा.

तरीपण विद्यार्थ्याला मी जीमेलच सांगेन. सगळ्या फॉर्मवाल्यांना ते ओळखीचं, ॲप मराठीत चालतं, स्पॅम बऱ्यापैकी अडवतं, आणि अडलं तर शेजारच्या पोराला विचारता येतं, ही शेवटची गोष्ट कुठल्या जाहिरातीत नसते पण गावात तीच कामाची. दोन वर्षं अजिबात उघडलं नाही तर खातं उडवण्याचा त्यांचा नियम आहे, एवढं लक्षात ठेवा.

आउटलुक म्हणजे जुनं हॉटमेल. १९९६ साली आपल्या सबीर भाटियांनी जॅक स्मिथबरोबर सुरू केलं, पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने घेतलं, २०१२ मध्ये आउटलुक नाव लागलं. इथेही मेलला १५ जीबी, पण फोनमधले फोटो आपोआप येऊन त्यात बसत नाहीत, वेगळी ५ जीबी असते त्यांच्या क्लाउडची आणि मेलला जोडलेल्या फाइली त्या ५ मध्ये मोजतात. पेट्यांचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवणारा असेल तर ब्राउझरमध्ये एक्सेल फुकट मिळतं, आणि आउटलुकचा आयडी फोनमधल्या जीमेलच्याच ॲपमध्ये जोडता येतो, म्हणजे दोन आयडी, ॲप एकच. मला स्वतःला मामांसाठी हेच बरं वाटत होतं.

याहू आणि रेडिफ यावर जास्त वेळ घालवत नाही. रेडिफ मुंबईचं, १९९६ पासूनचं, आमच्या पिढीचा पहिला मेल बऱ्याच जणांचा तिथेच, अजून चालतंय ज्यांचं त्यांनी चालू ठेवावं. याहूचं २०१३ मधलं प्रकरण मोठं, सगळीच्या सगळी ३०० कोटी खाती फुटली होती आणि ते पूर्ण बाहेर यायला २०१७ उजाडलं. नवीन काढणाऱ्याला तिकडे जायचं कारण मला सापडलं नाही. माझा स्वतःचा कॉलेजचा पत्ता एका कंपनीकडे होता, नाव नाही घेत, वर्षभर बघितलं नाही आणि उघडायला गेलो तर डबा रिकामा, त्यात आजोबांनी मुंबईहून स्कॅन करून पाठवलेले जुन्या घराचे फोटो होते. चूक माझीपण होती म्हणा, तेव्हा अटी कोण वाचतो.

झोहोबद्दल हल्ली जरा जास्त विचारतात, ऑक्टोबर २०२५ मध्ये अमित शहांनी आपला मेल तिकडे नेला तेव्हापासून. कंपनी चेन्नईची, श्रीधर वेंबूंची. फुकटात ५ जीबी, आणि जाहिराती नाहीत, मेल उघडला की मधेच कर्जाची ऑफर दिसत नाही. ५ जीबी कमी वाटते ना? मामांचा हिशोब मांडला. खोलीला येणारा पाहुणा आधार कार्डाचा फोटो पाठवतो, तो धरा २ एमबी, म्हणजे अडीच हजार पाहुणे झाले तेव्हा डबा भरणार, दोन खोल्यांना तेवढे पाहुणे यायला किती वर्षं लागतील ते मामाच सांगतील. आणि तसंही पाहुणे गेले की लोकांचे आधार डिलीट करून टाकावेत, ते आपल्याकडे साठवून काय लोणचं घालायचंय.

प्रोटॉन २०१४ साली स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सुरू केलं. त्यात मेल कुलूपबंद राहतो, कंपनीलापण वाचता येत नाही. पण ते पूर्ण कुलूप प्रोटॉन ते प्रोटॉन, तुम्ही जीमेलवाल्याला साधा मेल टाकला तर त्याच्याकडे तो साधाच पोचतो. जागा १ जीबी. आणि पासवर्ड विसरलात तर नवा मिळतो, पण रिकव्हरीचे शब्द जपून ठेवले नसतील तर जुने मेल कुलपातच राहतात. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने ते भारतात ब्लॉक करायचा आदेश दिला होता, म्हणजे मुख्य पत्ता म्हणून घ्यायला माझं तरी धाडस होत नाही. पत्रकार, वकील वगैरेंची गोष्ट वेगळी. मामांनी एवढंच विचारलं की आंब्याचा भाव कोण चोरून वाचणार आहे.

आता आयडी काढताना. आपल्याकडे एका वाडीत एकाच आडनावाची पंधरा घरं, त्यामुळे साधं नाव-आडनाव कधीच मिळत नाही, मग लोक जन्मसाल लावतात. नका लावू, ते उगाच सगळ्यांना कळतं. बागेचं किंवा घराचं नाव लावा आणि फोनवर एकदा मोठ्याने सांगून बघा. खालची दांडी, डॅश, व्ही की डब्ल्यू, असलं काही आलं की पाहुणा हमखास चुकतो. जीमेलमध्ये मधला टिंब मोजतच नाहीत, दिला काय न दिला काय सारखाच, बाकी ठिकाणी तसं धरून चालू नका.

आणि रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड विसरला तर खातं परत उघडायला ज्या फोनवर ओटीपी येतो तो. इथे मला कबुली द्यायची आहे, सुरुवातीच्या काळात गिऱ्हाईकाकडे फोन नसला की मी माझाच नंबर टाकून द्यायचो, पासवर्ड दुकानाच्या वहीत. अजून कधी रात्री अकराला माझ्या फोनवर ओटीपी येतो आणि तो कोणाचा ते मलाच कळत नाही, वही कधीच फाडून टाकलीय. म्हणजे कुणीतरी आपलं खातं उघडायला धडपडतोय आणि किल्ली माझ्याकडे. असं करू देऊ नका, माझ्यासारख्या दुकानदारालापण नाही. विरारला असलेल्या मुलाचा नंबर टाकताय तर तो त्याने चालू ठेवलाय ना ते गणपतीला आला की विचारा, कारण ९० दिवस वापर नसला तर सिम बंद होऊ शकतं आणि काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्याला मिळतो, मग ओटीपी त्या दुसऱ्याला.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा इकडे किती दिवस लाईट नव्हती, रेंज नव्हती, ते आम्हाला ठाऊक आहे. ओटीपीवर अडकलेलं खातं असल्या वेळी उपयोगाचं नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, चालू केलं की बॅकअप कोड मिळतात, १० कोड, ८-८ आकडी, एक कोड एकदाच चालतो. फोन खाडीत पडला तरी दुसऱ्याच्या फोनवरून पासवर्ड आणि कोड टाकून आत जाता येतं. ते कागदावर प्रिंट काढून ठेवायचे, फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवलात तर फोनबरोबर तेपण खाडीत.

मामांनी शेवटी माझं आउटलुक ऐकलं नाहीच. फोनमधलं जीमेल तसंच ठेवलं, खोल्यांच्या बुकिंगला झोहो काढलं, कारण काय तर जाहिराती नाहीत आणि पालखी तिकडे शिरत नाही. रिकव्हरीला स्वतःचा नंबर, जीमेलच्या कोडचा प्रिंट काढून दिला. मी म्हटलं सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. तर मामा कागदाची घडी घालत म्हणाले, "नको, मामीकडे देतो. मी ठेवलेला सातबारा अजून शोधतोय."