गिझर पेटेना म्हणून ३,४०० रुपये गेले, आणि त्याहून वाईट घडता घडता राहिलं

डिसेंबरची सकाळ, बेळगावची थंडी, आणि आमच्या वडगावच्या घरात गॅस गिझर पेटेना. नळ सोडला की टक-टक आवाज यायचा, पण ज्योत लागायची नाही. घाईत मोबाइलवर शोधलं, सगळ्यात वर आलेला नंबर लावला. पलीकडचा माणूस अगदी आपल्या बोलीत म्हणाला, "काळजी करू नका ताई, कंपनीचाच पोरगा पाठवतो." इथं मराठी ऐकली की आपलं माणूस वाटतं. मी ओळखपत्रही विचारलं नाही.

पोरगा आला, झाकण काढलं आणि म्हणाला, "सर्किट जळलंय." मला बाहेर थांबायला लावलं. अर्ध्या तासात गिझर पेटला. ३,४०० रुपये घेतले. पावती व्हॉट्सॲपवर येणार होती, ती आली नाही. जुनं सर्किट मागितलं तर म्हणे कंपनीत जमा करावं लागतं. जाताना सांगून गेला, "वाऱ्यानं ज्योत विझते, बाथरूमची खिडकी बंदच ठेवा."

आम्ही सहा महिने ती बंद ठेवली.

जूनमध्ये पुन्हा तेच. त्याच नंबरवर आता व्हॉल्व्ह गेल्याचं निदान फोनवरच झालं, ४,००० सांगितले. तेव्हा शेजारच्या काकांनी खासबागचे एक म्हातारे कन्नड मिस्त्री आणले. त्यांनी स्क्रूला हातच लावला नाही. खालचा डबा उघडून विचारलं, "सेल बदलला काय अक्का?" आत दीड-दीड व्होल्टचे दोन मोठे सेल असतात. ते उतरले तरी ठिणगीचा आवाज येत राहतो, पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडायला जोर पुरत नाही. नवे सेल घातले, लगेच पेटला. मी हट्टानं ते 'नवं' सर्किट उघडून बघायला लावलं. त्याच्या डबीवर गिझर बसवणाऱ्यानं २०२१ साली बॉलपेननं घातलेली तारीख तशीच होती. म्हणजे डिसेंबरात त्या पोरानं फक्त सेल बदलले होते.

मिस्त्रींनी सेलचे पैसे आणि वर शंभर रुपये घेतले. पण बंद खिडकी बघून ते माझ्यावर खरोखर चिडले. कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, माणूस आत कोसळतो. अंघोळीनंतर सासूबाईंना गरगरायचं आणि आम्ही बीपीची गोळी द्यायचो, हे आठवून माझे हातपाय गार पडले. खिडकी उघडी राहू लागल्यापासून त्यांना एकदाही गरगरलेलं नाही.

टक-टक होतं पण ज्योत नाही, तर आधी स्वतः दोन्ही सेल बदला आणि सिलिंडर, रेग्युलेटर बघा. आवाजच नसेल तर सेलबरोबर पाण्याचा दाबही तपासा. टाकी रिकामी असते किंवा जाळी तुंबलेली असते. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि गॅस गळतीच्या हेल्पलाइनला, १९०६ ला, फोन करा. दुरुस्तीसाठी गिझरच्या पुस्तिकेतलाच नंबर लावा. मेकॅनिकच्या शेजारी उभं राहा, काढलेला भाग घरात ठेवून घ्या.

मी १९१५ वर ग्राहक तक्रार केली आहे. गेल्या आठवड्यात निपाणीच्या नणंदेला मोबाइलवर सापडलेला तो पहिला नंबर लावून बघायला सांगितलं. फोन उचलला गेला. तोच गोड आवाज, या वेळी दुसऱ्याच कंपनीचं नाव सांगत होता.