स्टा-बिलची लाल बाटली: दोन हिवाळे वापरून झाल्यावर

स्टा-बिल म्हणजे यंत्र बंद पडून असताना टाकीतलं पेट्रोल खराब होऊ नये म्हणून त्यात मिसळायचा द्रव. पण आधी कबुली देऊन टाकतो. मी इंजिनांच्याच धंद्यातला माणूस, डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो, दिवसभर ऑफिसात गाड्यांच्या इंजिनांचा डेटा बघत बसतो, आणि तरी दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधे माझाच लॉन मोअर (गवत कापायचं यंत्र) काही केल्या सुरू होईना. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, शेवटी बायको दारातून म्हणाली अहो पुरे आता, समोरचे बघतायत.

रिपेअरवाल्याने कार्बोरेटरचा (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) खालचा बाऊल उघडून दाखवला, तर तळाला हिरवट पिवळा चिकट थर, काकवी आटून करपावी तसा. पेट्रोल जिथून पुढे जातं त्या जेटचं भोक मुळात सुईच्या टोकाएवढं, ते पूर्ण बुजलेलं. १२० डॉलर गेले वर तीन आठवडे वाट, कारण एप्रिलमधे अख्खं गाव त्याच्याच दारात असतं, आणि तोवर आमचं गवत गुडघ्याला लागलं.

झालं काय होतं, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला शेवटचं कापून मोअर तसाच टाकीतल्या गॅससकट गॅरेजमधे ढकललेला (गॅस म्हणजे इथलं पेट्रोल हो). पंपावरच्या साध्या गॅसमधे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा धरतं, आणि पाच साडेपाच महिन्यांत हलका भाग उडून जाऊन मागे डिंक उरतो. गाडीत हे जाणवत नाही कारण गाडी रोज चालते.

त्यानंतरच्या ऑक्टोबरमधे ही बाटली आणली. स्टा-बिल स्टोरेज, लाल रंगाचं फ्युएल स्टॅबिलायझर. माप सोपं आहे, १ औंस म्हणजे साधारण ३० मिली अडीच गॅलनला, म्हणजे माझ्या एक गॅलनच्या कॅनला १२ मिली. मी मुलाच्या खोकल्याच्या औषधाचा छोटा कप घेतला मोजायला, तो अर्थातच परत घरात आला नाही, त्यावरून जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

आता मुख्य मुद्दा, कारण बरेच जण इथेच चुकतात आणि मग बाटलीला शिव्या देतात. नुसतं टाकीत ओतून झाकण लावलं तर कार्बोरेटरमधे जुनाच गॅस बसलेला राहतो, आणि बुजतो तो कार्बोरेटर, टाकी नाही! म्हणून ओतल्यावर मोअर पाच-दहा मिनिटं चालवायचा. माझ्या होंडाला गॅस बंद करायचा लिव्हर आहे, तो मी नंतर फिरवतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू देतो, म्हणजे बाऊल बराचसा रिकामा होतो. बाबा गावाला जाताना चेतकचा पेट्रोल कॉक आठवणीने बंद करायचे ना, तेच हे. आणि हो, आधीच शिळ्या झालेल्या गॅसमधे हे ओतून काही उपयोग नाही, तो ताजा होत नाही, पंपावरून नवीन आणा आणि त्याच दिवशी मिसळा.

रिझल्ट म्हणाल तर पहिल्या हिवाळ्यानंतर दुसऱ्या ओढीला सुरू. यंदा तिसऱ्या, पण यंदा जानेवारीत गॅरेजमधे बादलीतलं पाणी गोठत होतं तेव्हा तेवढं माफ.

सगळं श्रेय बाटलीला देणार नाही पण. त्याच दिवशी मी ऑइल गरम असतानाच बदलतो, स्पार्क प्लगची वायर काढून ठेवतो (ब्लेडला हात लावायच्या आधी हे करायचंच, यात आळस नको) आणि खालचं वाळलेलं गवत जुन्या उलथण्याने खरवडून काढतो, नाहीतर ओलं गवत चिकटून पत्रा गंजतो. आडवा करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा. मी एकदा ती बाजू खाली केली, फिल्टर ऑइलमधे भिजला आणि सुरू केल्यावर एवढा पांढरा धूर की शेजारचे आजोबा धावत आले. होंडाने २०२३ मधे इथे अमेरिकेत गॅसवरचे मोअर बनवणंच बंद केलं, म्हणून हा जरा जपून वापरतोय.

बॅटरीचा मोअर असेल तर ही बाटली तुमच्या कामाची नाही, फक्त बॅटरी काढून अर्धवट चार्ज ठेवून घरात आणा, गॅरेजच्या थंडीत सोडू नका.

५ पैकी ४ स्टार. एक कापला तो एवढ्यासाठी की ८ औंसची बाटली २० गॅलनला पुरते, उघडल्यावर दोन वर्षांत संपवायची असते, आणि मला वर्षाला जेमतेम दोन गॅलनपुरतं लागतं. छोटी बाटली मिळाली असती तर बरं झालं असतं. सध्या आमच्या गल्लीतले तीन देशी ऑक्टोबरात कॅन घेऊन माझ्याकडे येतात, औषधाचा कप गॅरेजमधे खिळ्याला टांगलेला आहे.